घराण्यातला आजार

इंदापूरला कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात वरकुट्याकडचा एक माजी सैनिक एकच कागद घेऊन आला. भिंतीला पाठ टेकवून, रस्त्याकडे तोंड करून तो उभा राहिला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरचं टायर फुटलं, तसा तो खाली बसला. मग काही झालंच नाही अशा थाटात मिशीवरून हात फिरवत उठला.

कागद लष्कराच्या पेन्शन कचेरीचा, अपंगत्वाची पेन्शन नाकारल्याचा, इंग्रजीत होता. काचेवर ठेवताना मी वाचला. सीमेवरच्या स्फोटानंतर याची झोप गेली, हा दचकतो, हे त्यांना मान्य होतं. पण यानेच डॉक्टरला सांगितल्याप्रमाणे चुलत्यालाही वेड लागलं होतं, म्हणून आजार घराण्यातला; नोकरीशी त्याचा संबंध नाही.

माझं डोकंच तडकलं. सीमेवर माणूस झिजवायचा आणि दोष चुलत्याच्या रक्ताला द्यायचा.

"भरतीला छाती मोजली, दात मोजलं, डोळं तपासलं," तो म्हणाला. "चुलत्याचं कुणी इचारलं न्हाय. आन् चुलता तरी कवा बिघडला? धरणात गाव गेलं तवा. त्येच्या आदी मेंढरं घिऊन एकटा रानात झोपायचा."

"मग डॉक्टरला चुलत्याचं सांगितलंच कशाला?" मी खेकसलो. राग कागदाचा होता, निघाला त्याच्यावर.

रस्त्यावरची नजर काढून त्याने पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं.

"खोटं कसं सांगायचं, भाऊ? मी तितं बरा व्हायला गेल्तो."