काकांना अरुंधती दिसेना

तानुकाकी कधी दमले म्हणाली नाही, आणि तिला कोणी विचारलंही नाही. धामणगाव बढ्यात तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. नात्याने ती माझी चुलतसासू, पण सासूपणा करायला तिला वेळच नव्हता. दोन्ही मुली सासरी गेलेल्या, घरात ती आणि उकंडकाका. काका माणूस वाईट नव्हता, फक्त एकदा डोक्यात काही घेतलं की घेतलं.

त्यांनी डोक्यात घेतली ती अरुंधती. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चालायचा, त्या काळातली ही गोष्ट. वैशाखात माझ्या नणंदेचं, रुख्मिणीचं लग्न लागलं. अंधार पडल्यावर भटजींनी नवरानवरीला अंगणात उभं करून सप्तर्षी दाखवले. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून जी बारीकशी मिणमिण दिसते ती अरुंधती. नवरीने ती बघायची आणि तिच्यासारखं नवऱ्याजवळ राहायचं, असा रिवाज. रुख्मिणी मान न उचलताच "दिसली" म्हणाली. आम्ही सगळ्या असंच म्हणालो होतो. काकाही हौसेने वर बघत होते. वसिष्ठ त्यांना दिसला, तोही पसरट. शेजारी काहीच नाही.

ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो, असं आमच्याकडे मानतात. काका मांडवातून न जेवता घरी आले आणि बाजेवर आडवे झाले.

"मोतीबिंदू असन," काकी म्हणाली. "बुलढाण्याच्या दवाखान्यात काढतात म्हणे."

"डोयाले काय झालं? वसिष्ठ दिसते ना मले! मवा नंबर लागला आता."

झालं. मरायला टेकलेल्या माणसाने शेतात कशाला जायचं? पेरणीसाठी काकी भाऊबंदांच्या हातापाया पडली. निंदण तिनेच केलं, कापूस तिनेच वेचला. घरी यावं तर काकांना शेवटचं भेटायला मोताळ्याहून, मेहकरहून पाहुणे बसलेले. त्यांना पिठलंभाकर, गुळाचा चहा. काका बाजेवरून सगळ्यांची माफी मागायचे, पाहुणे डोळे पुसायचे आणि काकी भांडी घासायची. मला त्या माणसाचा असा संताप यायचा! बाजेसकट उचलून रस्त्यावर ठेवावं, असं वाटायचं.

एकदा ती ओट्यावर बसल्या बसल्याच डुलक्या घेत होती. मी विचारलं, "काकी, तुमाले दिसते का वं अरुंधती?"

"मी वर कवा पाह्यलं बाई?" ती म्हणाली आणि सरपण आणायला उठली.

दिवाळी झाली, कार्तिक उलटला, काका जिवंतच. आता पंचाईत झाली. लोक थट्टा करू लागले. मेहबूब गाडीवाला रस्त्यावरून ओरडायचा, "काय उकंडभाऊ, आजूक इथंच?" काका भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मरणाची भीती सरली आणि उठायची लाज वाटू लागली. ती लाज काकीने ओळखली.

"यमाले घर सापडून नाई राह्यलं वाटते," ती म्हणाली. "चाला, तवरिक डाक्टरले तरी दाखवू."

काकांनी उठून धोतर बदललं. मेहबूबच्या गाडीतून ती दोघं बुलढाण्याला गेली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली तरी चष्म्यावाचून सगळं धुरकटच होतं. जाड भिंगांचा चष्मा यायला फाल्गुन उजाडला. तो मेहबूबनेच आणून दिला, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. काका तसेच अंगणात धावले, चष्मा लावला आणि तोंड वर करून बसले. सप्तर्षी नुकते वर येत होते.

"अवं, आयकलं का? दिसली! वसिष्ठाच्या बाजूले, दिसली वं!"

त्यांचा आवाज ऐकून मीही बाहेर आले. काकी भाकर थापता थापता उठली होती, एका हातात चिमणी, दुसरा हात पिठाने भरलेला. काका तिला तारा दाखवायला वळले. बोट वरच राहिलं. चिमणीच्या उजेडात ते कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते.

"तुहे केस कवा पांढरे झाले वं?"

काकीने हाताचं पीठ पदराला पुसलं.

"तुमी मरून राह्यले होते ना, तवा."