सांगलीचा हलका कॅमेरा

सातारा स्टेशनावरून सकाळची पॅसेंजर सुटली तेव्हा माझ्या पिशवीत सांगलीच्या काकांसाठी कंदी पेढे होते. काका म्हणजे तिथले एक वयस्क फोटोग्राफर. स्टुडिओ बंद केल्यावर त्यांच्याकडे हातात धरून वापरायचे दोन मोठे फिल्म कॅमेरे उरले होते. तळहाताएवढी निगेटिव्ह देणारे. "विकायचे नाहीत. वापरणारा भेटला तर एक देईन," असं ते फोनवर म्हणाले होते. माझा असा कॅमेरा आजवर तिकाटण्यावरच (तीन पायांच्या स्टँडवर) चढलेला. हातात धरायचा एखादा निवडावा म्हणून निघालो होतो.

कोरेगावला माझा दोस्त शिवा सोबतीला चढला. दहिवडीचा, लष्करातून निवृत्त झालेला. घरची मेंढरं अजून भावाकडे आहेत.

"काय मोजणीसाहेब, खिडकी धरलीया जणू! सरक की जरा."

मी जमीन मोजणी खात्यात नोकरी केली, म्हणून ही पदवी. शिवाला फिल्मचा नाद मीच लावला. अंधारात फिल्म होल्डरमध्ये भरायची कशी, धुवायची कशी, सगळं माझ्या स्वयंपाकघरात शिकला. त्याने काढलेला मेंढरांचा एक फोटो माझ्या बायकोने बाहेरच्या खोलीत लावला आहे. पाहुणे येतात, त्यापुढे उभे राहतात, मला म्हणतात, "वा! कधी काढलात?" मग मला शिवाचं नाव सांगावं लागतं. माझा एकही फोटो त्या भिंतीवर नाही.

रहिमतपूर गेलं, मसूर गेलं. कऱ्हाडच्या पुढे दोन्ही अंगांना ऊसच ऊस. शिवा डब्यातल्या सगळ्यांशी बोलत होता. एका बाईने आपणहून त्याला शेंगा दिल्या. मी शेजारीच बसलो होतो.

सांगलीत उतरल्यावर रिक्षा पेठेतून गेली तशी हळदीचा वास नाकात बसला. काकांचं घर कृष्णेच्या घाटाजवळ. त्यांनी आधी भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) पुढे ठेवलं, मग कॅमेरे.

एक जड, धातूचा. डाव्या मुठीला पट्टा. छोट्या खिडकीत दोन प्रतिमा दिसायच्या, त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. दुसरा हलका, एका कारागिराने हाताने बांधलेला. त्याला तसली सोय नव्हती. अंतर नजरेने ठरवायचं आणि भिंगावरची चकती त्या आकड्यावर फिरवायची.

"जड हातात ठाम राहतो. हलका पटकन उचलता येतो," काका म्हणाले. "तुम्ही काढता काय?"

"मी देवळं, वाडे, उभी माणसं."

"मग तुमच्यासाठी जड."

खरं होतं. मी जड उचलला, हातात छान बसला. तेवढ्यात शिवाने हलका डोळ्याला लावला आणि खोलीत गर्रकन फिरला.

"आवं काका, ह्यो लय झ्याक हाय! मेंढरं काय थांबत्यात व्हय? तिकाटणं मांडूस्तवर कळप टेकाडापल्याड." मग तो लाजला. "न्हाई म्हंजे, मी आपला सोबतीला आलोय."

काका हसले. "दोन्ही जाऊ देत की मग. ह्यांना जड, तुम्हाला हलका."

तिथेच गोष्ट संपली असती. पण शिवाचा चेहरा असा उजळला की माझ्या तोंडून गेलं, "मलाही हलकाच हवाय."

काकांनी जड कॅमेरा बाजूला ठेवला. "बरं. मग एकच देतो. घाटावर जा, ह्या हलक्यानेच दोघं एकेक फोटो काढा. मी धुऊन बघतो, ज्याचा चांगला त्याचा कॅमेरा."

मी लांबचा पूल काढला. त्यात चुकायला जागाच नव्हती. शिवाने पायऱ्यांवरून वर येणारी ओली म्हैस आणि तिचा मालक भिंगात धरला. आमची कामाची एक रीत आहे: कॅमेरा त्याच्या हातात असला की अंतर मी सांगतो. आयुष्य मोजणीत गेलं, माझी नजर चुकत नाही.

"किती रं?" त्याने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता विचारलं.

बारा फूट होतं.

"वीस," मी म्हणालो.

त्याने चकती फिरवली आणि खटका दाबला.

काका अंधाऱ्या खोलीतून ओल्या निगेटिव्ह घेऊन आले, भिंगाखाली धरल्या. "पूल स्वच्छ आलाय. ह्यात म्हैस हरवली, मागची पायरी मात्र खणखणीत."

"माझाच हात हलला आसंल," शिवा म्हणाला. हात हलला असता तर पायरीही हलली असती. काकांना ते दिसत होतंच. तरी त्यांनी कॅमेरा मलाच दिला. कॅमेरा माझ्या पिशवीत आला, पेढे त्यांच्याकडे राहिले.

परतीच्या गाडीत शिवा माझ्यासाठी खूश होता. पिशवी खाली ठेवू देईना, धक्का लागेल म्हणून. रहिमतपूर सुटलं. मी स्वभावाने कमी बोलणारा. मनातलं मनात ठेवण्यात माझी हयात गेली. पण कोरेगाव आलं की तो उतरणार होता.

"शिवा, बारा फूट होतं."

"काय?"

"म्हैस. मी मुद्दाम वीस सांगितलं."

त्याला कळायला वेळ लागला नाही.  समोरचा माणूस पेंगत होता. मग शिवा हळूच म्हणाला, "लोकांची शेतं बी अशीच मोजलीस काय रं?"

"नाही. शेतं नाही."

"म्हंजे मलाच."

मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. नको म्हणेल असं वाटलं होतं. त्याने कॅमेरा काढला, आपल्या गमच्यात गुंडाळला आणि रिकामी पिशवी मला परत दिली.

"ह्यो मी घेतो," उतरताना तो म्हणाला. "पर माफ केलं आसं समजू नगंस."

सातारा आलं तेव्हा अंधारलं होतं. माहुलीकडून गार वारा येत होता. जड कॅमेरा सांगलीत राहिला, हलका दहिवडीला गेला. बायकोने दारातच विचारलं, "कुठला निवडलात?" मी तिला सगळं सांगितलं. तिने पान वाढलं. खरं सांगितल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. मी जेवताना एवढाच विचार करत होतो, की एव्हाना शिवा कॅमेरा घेऊन भावाच्या वाड्याशी (मेंढरं कोंडतात त्या कुंपणाशी) पोहोचला असेल, आणि उद्या उजाडता कळप निघेल तेव्हा तो काढेल तसा फोटो माझ्याच्याने आयुष्यात निघणार नाही. आता अंतर तो स्वतःच ठरवेल.