मिहीरचा चेहरा, भलत्याचा आवाज

मिहीर गेल्याचा मेसेज वाचून मी आधी हसलो होतो.

वाटलं, नव्या गाण्याची पब्लिसिटी असणार.

पूर्वी एकदा त्याने "मी संपलो" एवढंच पोस्ट करून सगळ्यांना रडवलं होतं. दोन दिवसांनी त्याच नावाचं रॅप रिलीज केलं.

या वेळी खरं होतं. सकाळची वेळ, हायवे, रस्त्यावर न दिसणारा बर्फ, म्हणजे ब्लॅक आइस. गाडी घसरली. आज वर्ष झालं.

इथे परदेशात, नॉर्थ यॉर्कच्या एका बेसमेंटमध्ये आम्ही रूममेट होतो. दोघंही नाशिकचे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधणं हे माझं काम, आणि आता स्वभावही.

मिहीर कॉलेज संपवून पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बघत होता आणि कपड्यांच्या कपाटात उभा राहून मराठी रॅप रेकॉर्ड करायचा. विंटर जॅकेट्स लटकलेली असली की आवाज घुमत नाही म्हणे.

आवाज कसा? जाडाभरडा, थोडा नाकातला. हिंदी बोलला तरी मराठीच वाटायचा.

२०१५ मध्ये इथल्या देसी लोकांनी काढलेल्या एका लोकल फिल्ममध्ये त्याला टॅक्सी ड्रायव्हरचा रोल मिळाला. मी म्हटलं, कापतील बघ.

नाही कापला. गाडी चालवता चालवता त्याने केलेल्या रॅपला थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. ग्रोसरीला गेलो तर लोक सेल्फी मागायचे.

मग एका प्रोड्युसरने हिंदी फिल्ममध्ये त्याला थेट हीरो केलं.

शूटिंग संपलं. आठवडे गेले.

"डबिंगला नाही बोलावलं का रे?" मी विचारलं.

"सगळं सेटवरच रेकॉर्ड झालंय. विन्या, तू ना, घरीपण टेस्टरच."

हे बोलताना तो खाली मान घालून बूट पुसत होता. मला तेव्हाच खटकलं.

प्रीमियरला त्याची आई आली होती, व्हिजिटर व्हिसावर, खास त्यासाठी. काकू मध्ये, आम्ही दोन बाजूंना.

पडद्यावर मिहीर आला. तोंड उघडलं.

आवाज भलत्याचाच! गुळगुळीत, दिल्लीकडचा.

हॉलमध्ये कुणाला पत्ता नाही. टाळ्या चालू.

काकू हळूच म्हणाल्या, "अरे, हा कोण बोलतोय?"

"सर्दी झाली होती गं आई."

घरी काकू झोपायला गेल्यावर मी त्याला धरलं. "त्या प्रोड्युसरने फसवलं तुला. वकील बघू."

"नाही फसवलं. आधीच सांगितलं होतं त्याने. स्वतःच्या आवाजात छोटा रोल घे, नाहीतर हीरो हो, आवाज आम्ही देऊ. सही मीच केली."

"आणि मला खोटं सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

नसतं दिलं.

पण त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक वाक्य मी तपासून घ्यायला लागलो.

फिल्म दोन आठवड्यांत उतरली. पुढच्या ऑडिशन्सना लोकांना तो पडद्यावरचा आवाज हवा असायचा. हा बोलला की त्यांचे चेहरे पडायचे. हळूहळू फोन यायचे थांबले. मीही शेजारच्या मार्कहॅमला कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, शिफ्ट झालो.

तो गेला, त्याआधीच्या गणपतीच्या तोंडावर त्याचा फोन आला.

"फिल्मचा नाद सोडला. परत रॅप करतोय. रविवारी दुपारी मराठी मंडळाच्या गणपतीत, हॉलमध्ये शो आहे, ये ना."

"येतो," म्हणालो.

गेलो नाही. मनात म्हटलं, ट्रॅक लावून नुसते ओठ हलवेल.

त्या दुपारी काय झालं ते मला त्याच्या फ्युनरलला कळलं.

मंडळाचे एक काका सांगत होते. अर्ध्या गाण्यात हॉलची पॉवर गेली. म्युझिक बंद, माइक बंद. मिहीर स्टेजवरून उतरला, खुर्च्यांच्या मधोमध उभा राहिला आणि उरलेलं सगळं तसंच म्हटलं. एरवी इंग्रजीत बोलणारी पोरं टाळ्यांनी ताल धरत होती.

"शेवटच्या रांगेत होतो मी," काका म्हणाले. "शब्द न् शब्द ऐकू आला."

मी सगळ्यांकडे व्हिडिओ मागितला. कुणाकडेच नाही. "ऐकतच राहिलो हो," म्हणतात.

आज त्या प्रोड्युसरने फिल्मचं पोस्टर टाकून खाली "माझा भाऊ" असं लिहिलंय. त्या माणसाचा मला अजूनही भरवसा नाही.

काकांचं मात्र सगळं खरं मानलं. एकही उलटा प्रश्न विचारला नाही.

मिहीर, त्या रविवारी यायला हवं होतं मी. वीस मिनिटांचा तर ड्राइव्ह होता.

माफ कर मित्रा. तुला मनापासून श्रद्धांजली.