मामाजींच्या शेवटच्या आंघोळीचा रॉड

सासऱ्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी ज्या रॉडनं तापवलं, तो मी फेकला नाही. त्यांच्या गादी-कपड्यांसोबत तो टाकून द्यायचा होता... पण दीड हजार वॉटचा, चांगला जड रॉड! माझ्यातला मिस्त्री हळहळला. गुपचूप गाडीच्या डिकीत टाकला.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. बोरगाव मेघेत माझं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे; झटका बसला की मी आधी अर्थिंग तपासतो.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. त्यांनी हयातीत मला घरातल्या पंख्याला हात लावू दिला नाही. "जवाई एक दिवस घर जाळन," हे तोंडावर, पाहुण्यांसमोर. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि आमच्या लाइनीत लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून मी स्वतः इन्व्हर्टर बनवला. संध्याकाळी मशीन त्यावर टाकायचं, त्याआधी भर दुपारी अंगणात चाचणी.

नऊ अँपिअरच्या वर गेलं की तो आपोआप बंद पडायला हवा. इस्त्री लावली — वायरवरच्या मीटरमध्ये सव्वातीन. मग बादलीत रॉड सोडला... पावणेदहा! तरी बंद पडेना. दहा मिनिटं झाली. इस्त्री चटका देत होती, बादली मात्र माठासारखी गार.

दोन्ही पिना उपटल्या. मीटर पावणेदहाच. बॅटरीची वायर काढली — पावणेदहाच! आणि आता, रॉडची पिन माझ्या हातात असताना, पाणी खदखदायला लागलं. मी मागे सरलो, तर सपाट फरशीवरची बादली माझ्याच पायावर कलंडली. इन्व्हर्टरमधून धूर निघाला.

बायको धावत आली. माझ्या पायाआधी तिला रॉड दिसला.

"हा त बाबाचा रॉड हाय! फेकला नाई तुमी? काऊन असे करता हो?"

नंतर इन्व्हर्टर खोलला. करंट आवरणारं सर्किट तेवढं कोळसा झालं होतं. म्हणून तो बंद पडला नाही, मान्य. पण उपटलेल्या पिनेत करंट आला कुठून? आजही मला सांगता येत नाही... पायावरचा डाग तेवढा आहे.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नाकातली नळी नीट केली, दम घेतला.

"बरं झालं, मले लावाच्या आंधीच जाळलं त्यायनं. मेल्यावरबी त्यायले तुमच्या कामाचा भरोसा नाई, जवाईबापू."