निंबाभाऊंची हरळी

आमच्या बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात निंबाभाऊंच्या कमरेची चौकशी सगळेच करतात. त्यांच्या मनाला धक्का लावायचं काम मात्र मी एकटीने केलं, आणि तेही गंमत म्हणून.

निंबाभाऊ आणि मालूबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मूळचे इच्छापूरकडचे, कपाशीवाले. विहिरीच्या कामात कमरेवर दगड आला, नांगर सुटला, आणि शेत धाकट्या भावाने धरलं. भावजयीच्या हातचं मोजून वाढलेलं दोन वर्षं खाल्लं आणि मग नवराबायको शहरात आले. बसून करायचं काम तेवढं जमे. त्यात निंदणीला निंबाभाऊंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हरळी काढावी तर त्यांनीच. ते म्हणत, "शेतात साप निघालेला परवडला, हरळी नको. मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी आठ दिवसांत पुन्हा हजर."

गोष्ट गेल्या वर्षीची, सत्तावन सालची. राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं आणि आम्ही इकडे हिंदीत राहिलो. लालबागच्या सरकारी बंगल्याचा माळी नागपूरकडचा. त्याने आपला मुलूख गाठला. आमचे हे, म्हणजे मधुकरराव, त्या बंगल्याच्या कचेरीत कारकून. स्वतः पंचेचाळिसाव्या वर्षी हिंदी टिपणं गिरवत बसले होते. त्यांनीच निंबाभाऊंना हंगामी माळी म्हणून लावलं. दिवाळीनंतर नवे साहेब बाग बघणार. काम पसंत पडलं तर नोकरी कायम. नाही तर परत भावजयीचं ताट.

पहिल्याच दिवशी यांनी बंगल्यासमोरची मोकळी जागा दाखवून सांगितलं, "इथे हरळी लावायची."

"काढायची?"

"लावायची. हिरवळ म्हणतात तिला."

निंबाभाऊंनी वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबूजी, बाप वरून पाहत असंल माझा."

पण लावली. आणि शिकलेही, पडत-झडत. मेंदीचं कुंपण पहिल्यांदा नजरेच्या अंदाजाने कापलं, तर उंटाची पाठ झाली. मग दोन खुंट्यांना सुतळी बांधून कापायला लागले. पाणी शेतासारखं दांड काढून सोडलं, तर वाटेवरचा मुरूम वाहून फाटकाशी जमला. मग झारी हातात धरली. रोज मी ओट्यावरून विचारायची, "काय निंबाभाऊ, आज गवताची वेणी घातली का?"

"उद्या घालतो वहिनी. आज फक्त विंचरलं."

भाद्रपदात मैदान हिरवंगार झालं. गणपतीच्या दिवशी मालूबाई माझ्याकडे दूर्वा, म्हणजे हरळीच, मागायला आली. "नवरा दूर्वांच्या शेतात नोकरीला," मी म्हटलं, "आणि तू माझ्या दारात?"

"एक काडी तोडू देत नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, साहेब पाहून जाऊ दे, मग देवाचं बघू."

तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ही गोष्ट थट्टेपलीकडे गेली आहे. पण माझी जीभ, तिला कोण खुंटीला बांधणार?

दिवाळी झाली. साहेब पाच दिवसांवर आले. सकाळी निंबाभाऊ खुरपं घेऊन निघाले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "ऐकलं का? नवे साहेब ग्वाल्हेरचा माळी बरोबर आणताहेत म्हणे. तो गवताशी हिंदीत बोलतो."

मला वाटलं, शेवटच्या वाक्याला हसतील. त्यांनी पहिलंच ऐकलं. यांची कचेरी, म्हणून माझ्या थापेवरही त्यांना सरकारी शिक्का दिसला. खुरपं काखेत मारून निघून गेले.

संध्याकाळी हे घरी आले ते टोपीसुद्धा न काढता बसले. म्हणाले, "फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचा पट्टा साफ आहे. उद्या कपाशी पेरावी असा."

मी शेजारी गेले. निंबाभाऊ उंबऱ्यात बसले होते, दोन्ही तळवे मांडीवर उघडे टाकून.

"वहिनी, मी लव्हाळाच काढत होतो. मध्ये मध्ये उगवतो तो. मनात तो ग्वाल्हेरवाला. हात चालत गेला. ऊन उतरलं तवा मागं पाहिलं, तर सगळी काळी माती. मुळं पण झटकली होती मी, वहिनी. बाजूला वाळायला टाकली होती."

मी खोटं बोलले होते हे तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याऐवजी मदतीला धावले, म्हणजे अपराधी माणसं जे करतात ते. मालूबाई आणि मी इच्छापूरच्या रस्त्याला जाऊन शेतांच्या बांधांवरून दोन पोती हरळी आणली. शेतकऱ्यांनी आनंदाने दिली. एक म्हणाला, "उद्या पण या, मावशी. घरचे सगळे घेऊन या." निंबाभाऊंनी चार दिवस खपून ती लावली. पण चार दिवसांत काड्या त्या काड्याच.

मग मी त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं: "कीड़ लग गई थी, साहब." मेंदी कापतानासुद्धा ते पुटपुटत होते.

साहेब आले. पुढचं यांच्या तोंडून ऐकलेलं. साहेबांनी काठी त्या पट्ट्यावर टेकवली आणि विचारलं, "यह क्या हुआ?"

निंबाभाऊंनी हात जोडले. "मीच उपटली, साहेब."

"क्या कह रहा है?"

यांना तिथे सांभाळून घेता आलं असतं. पण माझ्या नवऱ्याला हिंदीत खोटं बोलण्याइतकं हिंदी अजून येत नव्हतं. म्हणाले, "कहता है, इसी ने निकाली. किसान है, साहब. आदत है."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कुंपणाची सरळ रेघ नजरेने शेवटपर्यंत बघितली आणि गाडीत बसले. आठवड्याने कागद आला. कायम करणं तूर्त स्थगित, जेठात हिरवळ पुन्हा पाहू. जेठात, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या भर उन्हाळ्यात.

त्या संध्याकाळी मी जाऊन सांगितलं. ग्वाल्हेरचा माळी कुठेच नव्हता, तो मीच ओट्यावर बसून घडवला. मालूबाई उठून आत गेली आणि चुलीशी भांडी जोरात वाजायला लागली. निंबाभाऊंनी खुरपं उचलून माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्याजवळ ठेवा. सकाळी घेऊन जाईन, संध्याकाळी देईन. आणि वहिनी, बातमी सांगायची असली, तर पहिले हे माझ्या हातातून काढून घ्या."

तेव्हापासून ते खुरपं आमच्या दाराच्या खुंटीला असतं. आता चैत्र सरत आला. मालूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलते. लालबागच्या विहिरीचं पाणी खाली गेलंय, निंबाभाऊ पहाटेच्या झाऱ्या दोनदा मारतात, आणि तो पट्टा अजून पिवळाच आहे. सकाळी ते खुरपं मागायला येतात तेव्हा मी खुंटीवरून काढते आणि मुकाट्याने देते.