फुलांच्या पाण्यातला वाटा

शेवंतीवर एक ओंजळ पाणी शिंपडायचं आणि दुसरी स्वतःच्या डोक्यावर ओतायची, ही आमच्या नारायणदादाची रीत. अकोल्यात देवळापाशी त्याची फुलांची गाडी होती. गिऱ्हाईक हसलं की म्हणायचा, "फुलाले अन् मले एकच तरास हाय बाप्पा. ऊन सोसत नाही."

माझ्या या मोठ्या भावाला जन्मापासून घामच येत नसे. डोक्यावर विरळ भुरे केस, तोंडात मोजके टोकदार दात. आमचा मामाही तसाच होता. बाईला काही होत नाही, पण तिच्याकडून पोरात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. लहानपणी वावरात दादा ओलं पोतं पांघरून सावलीत बसला की बाबा करवादायचे, "कोरड्या अंगानं जेवाले येऊन राहिला." घाम न गाळणारा तो कामचोर, एवढंच आमच्याकडे कळायचं. दादा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा पोतं भिजवायचा.

माझ्या मुलीच्या, वैशालीच्या साक्षगंधाला मूर्तिजापूरची मंडळी आली, तेव्हा मी त्याला बजावलं होतं, "दादा, टोपी काढू नको, कवळी काढू नको." कसंबसं जुळलेलं स्थळ होतं. कुंकू लावायच्या आधी हा उठला. टोपी काढली, कवळी बशीत ठेवली आणि ते मोजके टोकदार दात दाखवत म्हणाला, "पोरीच्या मामाले नीट पाहून घ्या. हिले पोरगा झाला तर तो माह्यासारखा होऊ शकते. मंग आमाले फसवलं म्हनू नका."

"कावून माह्या पोरीच्या मुळावर उठला?" मी सगळ्यांसमोर म्हणाले.

मग विहीणबाईंनी दादाला विचारलं, "उनाळ्यात कसं करता तुमी?"

"बनेन ओलं ठेवतो."

"आमच्या घरी हौद हाय," त्या म्हणाल्या. "लावा कुंकू."

मागच्या वैशाखात दादा उन्हाने गेला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. गाडीवरची बादली कोरडी होती आणि उरलेलं पाणी त्याने फुलांवर शिंपडलं होतं. त्याचा मला अजून राग येतो.

वैशालीचा मुलगा आता चालतो. तोही तसाच निघाला. उन्हाळाभर मी मूर्तिजापूरला असते. सदरा भिजवा, पिळा, घाला, वाळला की पुन्हा भिजवा. दादाच्या वेळी हेच केलं, आता हात दुखतात. खरंच थकले मी.

परवा शेजारीण आली. पोराच्या डोक्याकडे पाहत तिने विहीणबाईंना विचारलं, "कोनावर गेला व हा?"

मी मान खाली घातली. विहीणबाईंनी हौदातला सदरा पिळला, पोराच्या अंगात घातला.

"सुनेच्या मामावर," त्या म्हणाल्या. "त्यायनं आदीच सांगून ठेवलं होतं."