नळीवरचा दाणा

चंद्रपूरच्या आमच्या नेमबाजी क्लबात दर रविवारी एक जण सगळ्यांच्या आधी यायचा. घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे बोलतानाही एक डोळा बारीक. त्या वर्षी काडतुसं मिळेनाशी झाली होती. नागपूरचा दुकानदार दर खेपेला नवा भाव सांगायचा आणि क्लब प्रत्येकाला रविवारी मोजून दहाच द्यायचा. आम्ही बोंबलायचो, हा गप्प. वर त्याच्याकडे नेहमी पाच शिल्लक! सेक्रेटरी याला चोरून जास्त देतो, अशी माझी खात्रीच होती.

म्हणून एका रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. हा चटईवर पालथा पडलेला. क्लबच्या रायफलीत एक रिकामं काडतूस आणि नळीच्या टोकावर तांदळाचा दाणा. चाप ओढला की नुसतं 'टक्' व्हायचं, दाणा जागचा हलायचा नाही. तासभर हेच. मग पाच खरी काडतुसं, पाचही मधोमध.

नंतर माझी दहा मी टार्गेटभर सांडली. त्याने उरलेली पाच माझ्यापुढे सरकवली.

"घ्या भाऊ. मले पाच पुरतेत. बाकी तालीम त दान्यावरच होते."

तीही मी वाया घालवली. थँक्यूसुद्धा म्हणालो नाही.

जवळच्या मूल गावात माझी राइस मिल आहे, तांदळाला तोटा नाही. पुढे स्वतःची रायफलही घेतली. रोज सकाळी नळीवर दाणा ठेवतो. अजून एकही टिकलेला नाही.